वावराचा हक्क : मुंबई-पुण्याच्या सार्वजनिक जागा आणि स्त्रिया

महाराष्ट्रातील शहरांचा इतिहास लिहिताना रस्ते, बाजार, मैदाने, रेल्वे आणि बागा कोणी बांधल्या याची नोंद आवर्जून होते. त्या वापरण्याजोग्या कोणी केल्या, हा प्रश्न मात्र फारसा विचारला जात नाही. जिथे जाण्यासाठी नाते, ओळख किंवा आमंत्रण लागत नाही ती सार्वजनिक जागा, ही व्याख्या मान्य केली तर एकोणिसाव्या शतकातील मुंबई आणि पुण्यातील बऱ्याच जागा स्त्रियांपुरत्या सार्वजनिक नव्हत्या, कारण तिथे पाऊल ठेवणाऱ्या स्त्रीला आपण कोण, कोणाची आणि कशासाठी बाहेर पडलो याचा खुलासा सतत करावा लागत असे. गेल्या पावणेदोनशे वर्षांत हे चित्र बरेच बदलले. त्या बदलात पोलीस चौकी आणि कायद्याचे कलम यांचा वाटा आहे, पण त्याहून मोठा वाटा स्त्रियांच्या रोजच्या वावराचा आणि त्या वावरासाठी लागणाऱ्या अगदी साध्या सोयींकरिता त्यांनी धरलेल्या आग्रहाचा आहे. ज्या उपायांनी स्त्रीला एखाद्या ठिकाणी जाण्याचा, थांबण्याचा आणि काम करण्याचा हक्क मिळाला, त्यांनी ते ठिकाण तिच्या मागून येणाऱ्या इतर स्त्रियांसाठीही निर्धास्त झाले. उलट ज्या उपायांनी तिला संरक्षणाच्या नावाखाली तिथून हलवले, त्यांनी ती जागा उरलेल्यांसाठी अधिक निर्जन आणि म्हणून अधिक धोक्याची केली.

हा इतिहास एकसंध नाही, हे आरंभीच लक्षात घ्यावे लागते. भाजी, मासळी, दूध आणि मोळ्या विकणाऱ्या, रस्ते झाडणाऱ्या, बांधकामावर खडी-विटा वाहणाऱ्या स्त्रिया शहराच्या रस्त्यावर नेहमीच होत्या; मुंबईच्या मासळीबाजारावर तर कोळणींचा इतका पगडा होता की तिथे पुरुषच परका वाटावा. त्यांच्या बाहेर असण्याबद्दल कोणाला नवल वाटले नाही, आणि त्यांना होणाऱ्या त्रासाबद्दल कोणाला काळजीही वाटली नाही. 'स्त्री घराबाहेर पडली' असे वाक्य जेव्हा मराठी समाजेतिहासात येते, तेव्हा ते बहुधा उच्चवर्णीय, मध्यमवर्गीय स्त्रीविषयी असते. सुरक्षिततेची चर्चाही दीर्घकाळ तिच्याच भोवती फिरत राहिली, आणि कष्टकरी स्त्रीने रस्त्यावर टिकून राहण्यासाठी निर्माण केलेल्या व्यवस्था या चर्चेत आल्याच नाहीत.

पुण्यात १८४८ मध्ये भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, तेव्हा शाळेच्या खोलीइतकाच घर ते शाळा हा रस्ताही वादाचा विषय झाला. सावित्रीबाई फुले यांच्या अंगावर वाटेत शेण आणि दगड फेकले जात, ही हकीकत महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. पण ती बहुतेक वेळा सावित्रीबाईंच्या सोशिकतेचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. त्या रस्त्याने त्या रोज ठरलेल्या वेळी जात राहिल्या, आणि त्यामुळे शिकायला जाणारी मुलगी हे पेठेतील नित्याचे दृश्य होण्याची सुरुवात झाली, हा त्या हकीकतीचा शहराच्या इतिहासाशी जोडलेला भाग दुर्लक्षित राहतो. आनंदीबाई जोशी यांनी वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेला जाण्यापूर्वी, १८८३ मध्ये, बंगालमधील सेरामपूर येथे केलेल्या भाषणात वाटेने जाताना आपल्याला काय सोसावे लागते हे उघडपणे सांगितले होते : जमणारे बघे, हसणे, ओसरीवर बसलेल्या सभ्य गृहस्थांचे शेरे, खडे मारणे, दुकानदारांचे थुंकणे आणि हातवारे. रस्त्यावरील छळाची एका भारतीय स्त्रीने जाहीर सभेत केलेली ही अगदी सुरुवातीची नोंद आहे, आणि तिचे मोल असे की छळ करणारे लोक मवाली नसून प्रतिष्ठित होते हे तिने झाकून ठेवले नाही. पुढच्याच वर्षी, १८८४ मध्ये, पुण्यात हुजूरपागा शाळा सुरू झाली आणि पुस्तके घेऊन जाणाऱ्या मुलींची रोजची ये-जा शहराच्या मध्यवस्तीत सुरू झाली. एकट्या स्त्रीला जे निभावणे कठीण होते, ते घोळक्याने जाणाऱ्या मुलींना तुलनेने सोपे झाले.

मुंबईच्या गिरणगावात, म्हणजे परळ, लालबाग, वरळी या गिरण्यांच्या पट्ट्यात, घोळका हेच स्त्रियांचे मुख्य संरक्षण होते. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत मुंबईच्या कापड गिरण्यांतील कामगारांपैकी साधारण पाचवा हिस्सा स्त्रियांचा होता. त्या प्रामुख्याने रिळिंग आणि वाइंडिंग खात्यांत, म्हणजे सूत गुंडाळण्याच्या कामावर असत, आणि त्यांच्यावर नायकीण नावाची स्त्री मुकादम देखरेख करी. नायकीण कामावर घेण्यासाठी पैसे उकळी आणि मर्जीतल्या बायकांनाच काम देई, हे खरेच आहे. तरीही तिच्या हाताखालच्या बायका एकाच चाळीतून किंवा गावातून आलेल्या असत आणि भोंगा झाल्यावर एकत्र बाहेर पडत, त्यामुळे गिरणीचा दरवाजा ते चाळ हे अंतर त्यांच्या ताब्यात राही. १९२८ आणि १९२९ च्या संपांत उषाताई डांगे आणि पार्वतीबाई भोर यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी याच बायकांना गिरण्यांच्या दारांवर पिकेटिंगसाठी उभे केले, तेव्हा रोज ज्या रस्त्याने त्या मान खाली घालून जात, तोच रस्ता अडवून उभ्या राहिल्या. खानावळवाल्या बायकांमुळे तर गिरणगावातील वर्दळ पहाटेपासून रात्रपाळीच्या जेवणापर्यंत चालू राही. तीन पाळ्यांत चालणारा, दारे उघडी असलेला आणि दिवसाच्या कोणत्याही प्रहरी ओळखीची बाई भेटेल असा हा भाग कोणत्याही नगररचनाकाराने सुरक्षिततेसाठी आखलेला नव्हता, पण पुढे तो उजाड झाला तेव्हा काय गमावले ते दिसून आले. त्याकडे नंतर वळावे लागेल.

सविनय कायदेभंगाच्या काळात, १९३० मध्ये, मध्यमवर्गीय स्त्रिया मोठ्या संख्येने मुंबईच्या रस्त्यांवर आल्या. देशसेविका संघाच्या केशरी साड्यांतील स्वयंसेविका मुळजी जेठा मार्केटसारख्या कापडबाजारात विदेशी मालाच्या दुकानांपुढे उभ्या राहत, आणि पहाटेच्या प्रभातफेऱ्या गिरगाव, भुलेश्वरच्या गल्ल्यांतून फिरत. ज्या वेळी स्त्रीने रस्त्यावर असणे गैर समजले जाई, नेमक्या त्याच वेळी गात जाणारे स्त्रियांचे जथे ही त्या काळातील महत्त्वाची घटना होती. मात्र त्यांना मिळालेला मान देशकार्य आणि कुलीनता या दोन गोष्टींवर उभा होता. दोन्हींपैकी एक नसलेल्या स्त्रीला तो मिळाला नाही. कारणाशिवाय रस्त्यावर असलेल्या स्त्रीचा प्रश्न तेव्हा कोणी उपस्थित केला नाही आणि पुढची अनेक दशके तो तसाच राहिला.

मुंबईच्या स्त्रीजीवनात सर्वाधिक खोलवर रुजलेली सार्वजनिक जागा म्हणजे लोकलचा महिला डबा. त्याची कायदेशीर मुळे १८९० च्या रेल्वे कायद्यात आहेत. त्या कायद्याच्या ६४ व्या कलमाने १ जानेवारी १८९१ पासून प्रत्येक प्रवासी गाडीत सर्वांत खालच्या वर्गाचा निदान एक कप्पा केवळ स्त्रियांसाठी राखून ठेवणे रेल्वे कंपन्यांवर बंधनकारक केले, आणि गाडी ५० मैलांहून अधिक अंतर जाणार असेल तर त्या कप्प्याला शौचकूप जोडणेही आवश्यक ठरवले. सर्वांत खालच्या वर्गाचा कप्पा राखला गेला ही बाब लक्षणीय आहे, कारण वरच्या वर्गाने जाणाऱ्या कुटुंबांना पडदा आणि खासगीपणा पैशाने विकत घेता येत होता. तिसऱ्या वर्गाने जाणाऱ्या बाईला तो प्रथमच कायद्याने मिळाला. सरकारचा हेतू पडदा पाळणाऱ्या समाजाला गाडीत बसवणे हा होता, स्त्रीस्वातंत्र्याचा नव्हता. तरी कायदा करणाऱ्यांच्या हेतूपेक्षा तो वापरणाऱ्यांची गरज वरचढ ठरली, आणि ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला ही विजेवर चालणारी पहिली गाडी धावल्यानंतर उपनगरे जसजशी वाढत गेली तसतसा हा कप्पा नोकरी करणाऱ्या स्त्रियांच्या शहराचा कणा झाला.

महिला डब्याची रीतभात रेल्वेने घालून दिलेली नाही. आत शिरताच बसलेल्या बाईला 'कुठे उतरणार?' असे विचारून तिची जागा सांगून ठेवणे, तिघींच्या बाकावर सरकून चौथीला टेकायला जागा देणे, दारात उभ्या असलेल्यांनी पुढच्या स्थानकावर फलाट कोणत्या बाजूला येतो त्याप्रमाणे आत-बाहेर होणे, नव्या मुलीला उतरण्याच्या आधी दोन स्थानके उठायला सांगणे, हे सारे नियम प्रवासिनींनी स्वतः घडवले आणि पिढ्यान्‌पिढ्या एकमेकींना शिकवले. याच डब्यात भाजी निवडली गेली, हळदीकुंकू झाले, कानातली आणि टिकल्या विकल्या गेल्या, आणि घरी न सांगता येण्याजोग्या गोष्टी बोलल्या गेल्या. भांडणेही कडाक्याची झाली, हे नाकारण्यात अर्थ नाही. मासळीच्या पाट्या घेऊन जाणाऱ्या कोळणींना या डब्यात कधी मोकळेपणाने सामावले गेले नाही. त्या मालडब्यातून, पुरुष हमाल आणि विक्रेते यांच्यासोबत प्रवास करत राहिल्या, म्हणजे ज्यांना पहाटे आणि रात्री, सर्वांत निर्जन वेळी प्रवास करावा लागे त्यांनाच राखीव जागेचा लाभ सर्वांत कमी मिळाला. पण एकूण शहरापुरते पाहिले तर मुलीला नोकरीसाठी दूर पाठवताना बदलापूर किंवा विरारच्या घरात जो होकार मिळाला, त्यामागे हा डबा होता.

डब्यांची संख्या, त्यांची फलाटावरील जागा आणि राखीव वेळ यांविषयी महिला प्रवाशांनी आणि त्यांच्या संघटनांनी वर्षानुवर्षे निवेदने दिली, स्थानकप्रमुखांना घेराव घातले, वेळ पडल्यास रुळांवरही उतरल्या. पश्चिम रेल्वेने ५ मे १९९२ रोजी चर्चगेट ते बोरिवली अशी पूर्ण गाडी केवळ स्त्रियांसाठी सोडली आणि त्याच वर्षी मध्य रेल्वेवरही कल्याणपर्यंत 'लेडीज स्पेशल' धावू लागली. साताऱ्याच्या सुरेखा यादव १९८० च्या दशकाच्या अखेरीस मध्य रेल्वेत सहायक चालक म्हणून रुजू झाल्या होत्या. २००० मध्ये त्यांनी लेडीज स्पेशल चालवली, आणि राखीव जागेत बसलेल्या स्त्रीबरोबर गाडी हाकणारी स्त्रीही मुंबईने पाहिली. २०१७ मध्ये माटुंगा स्थानकाचा सर्व कारभार, तिकीट खिडकीपासून सुरक्षेपर्यंत, महिला कर्मचाऱ्यांकडे सोपवण्यात आला. या टप्प्यांना केवळ प्रतीकात्मक ठरवणे अन्यायाचे होईल, कारण तक्रार घेऊन जाणाऱ्या स्त्रीला समोर स्त्री अधिकारी दिसणे ही बाब तक्रार होण्या-न होण्याचा निकाल लावते. तरीही काही डबे ठरावीक तासांपुरतेच राखीव असतात आणि रात्री उशिरा, जेव्हा गाडी रिकामी होत जाते, तेव्हा सामान्य होतात. गर्दीच्या वेळेचा विचार करून आखलेली सोय एकाकी वेळेचा विचार करत नाही, ही त्रुटी प्रवासिनींनी वारंवार दाखवली आहे.

रस्त्यावर येण्यासाठी सण, शिक्षण किंवा देशकार्य यांचे निमित्त लागू नये, स्वयंपाकघरातील टंचाई हेही पुरेसे कारण असावे, हे १९७२ च्या महागाईविरोधी आंदोलनाने सिद्ध केले. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी, प्रमिला दंडवते यांनी पक्षभेद बाजूला ठेवून उभारलेल्या संयुक्त महिला आघाडीने लाटणी हाती घेतलेल्या हजारो गृहिणींचे मोर्चे मुंबईत काढले. या आंदोलनाने धान्य आणि तेल यांचा प्रश्न मांडला, सुरक्षिततेचा नव्हे; पण वस्तीतील बैठका रात्री कामे आटोपल्यावर होत, आणि त्या बैठकांना एकेका गल्लीतून निघणाऱ्या बायकांनी रात्रीचे येणे-जाणे घरच्यांच्या अंगवळणी पाडले. गोरेगावात नळाच्या पाण्यासाठी झगडल्यामुळे 'पाणीवाली बाई' म्हणून ओळखल्या गेलेल्या मृणालताईंच्या कामातही हेच दिसते : पाणी घराजवळ आले की पहाटेच्या अंधारात दूर जाणे थांबते, आणि ही सुरक्षितता कोणत्याही पोलीस अहवालात नोंदली जात नाही.

त्याच १९७२ मध्ये आजच्या गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केल्याचा आरोप झाला. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आरोपींना निर्दोष सोडले, आणि उपेंद्र बक्षी, वसुधा धगमवार, रघुनाथ केळकर व लोतिका सरकार या चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना लिहिलेल्या खुल्या पत्राने देशभर खळबळ उडाली. मुंबईत १९८० च्या आरंभी फोरम अगेन्स्ट रेप ही स्त्रियांची संघटना उभी राहिली. पुढे तिचे नाव फोरम अगेन्स्ट ऑप्रेशन ऑफ विमेन असे झाले. १९८३ मध्ये कायद्यात झालेल्या सुधारणेने कोठडीतील बलात्कार हा स्वतंत्र गुन्हा ठरवून पुराव्याचा भार काही अंशी आरोपीवर टाकला. त्याच वर्षी पत्रकार शीला बारसे यांच्या पत्रावरून चाललेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र सरकारला स्त्रियांसाठी स्वतंत्र कोठड्या, तिथे महिला शिपायांचा पहारा आणि स्त्रियांची चौकशी महिला पोलिसांच्या उपस्थितीतच करण्याचे आदेश दिले. पोलीस ठाणे हीसुद्धा सार्वजनिक जागा आहे, आणि जी संस्था सुरक्षितता देते तिच्याच उंबऱ्याच्या आत स्त्री असुरक्षित असू शकते, ही जाणीव या दोन प्रकरणांनी सार्वजनिक चर्चेत आणली. तिच्याशिवाय नंतरच्या काळातील पोलीस सुधारणा समजत नाहीत.

त्या सुधारणांपैकी वस्तीपातळीवर सर्वांत अर्थपूर्ण ठरलेली व्यवस्था म्हणजे झोपडपट्टी पोलीस पंचायत. पोलीस आयुक्त ए. एन. रॉय यांच्या कारकिर्दीत ती पुण्यात आणि नंतर, २००४ पासून, मुंबईत आकाराला आली. प्रत्येक वस्तीत दहा प्रतिनिधींची पंचायत, त्यांपैकी सात स्त्रिया आणि तीन पुरुष, आणि त्यांच्या जोडीला ठाण्यातील एक पोलीस, अशी तिची रचना होती. दारू, नवऱ्याची मारहाण, नळावरची भांडणे आणि गल्लीच्या तोंडाशी मुलींना अडवणारी टोळकी हे विषय तिथे हाताळले जात. ही पंचायत शून्यातून उभी राहिली नव्हती. भायखळ्याच्या पदपथांवर राहणाऱ्या स्त्रियांनी १९८० च्या दशकाच्या मध्यापासून 'महिला मिलन' या नावाने बचतगट चालवले होते, 'स्पार्क' ही संस्था आणि जोकिन अर्पुथम यांच्या नेतृत्वाखालील झोपडपट्टीवासीयांचा राष्ट्रीय महासंघ यांच्या सोबतीने आपल्या वस्त्यांची स्वतः गणना केली होती, आणि रोज दारोदारी जाऊन एक-दोन रुपये गोळा करण्याच्या कामातून कोणत्या घरात काय चालले आहे याची माहिती त्यांच्याकडे आपोआप जमा होत होती. पोलिसांना लागणारी माहिती आणि स्त्रियांना लागणारा विश्वास हे दोन्ही त्या बचतीच्या फेरीतून आले.

महिला मिलनचे सर्वांत मोठे काम मात्र शौचालयांचे आहे, आणि शहरी सुरक्षिततेच्या इतिहासात त्याला मध्यवर्ती स्थान मिळायला हवे. ज्या घरात शौचालय नाही त्या घरातील स्त्री दिवसभर पाणी कमी पिते आणि पहाटेपूर्वी किंवा अंधार पडल्यावर रुळांच्या कडेला, नाल्याकाठी जाते, म्हणजे ज्या वेळी आणि ज्या ठिकाणी हल्ल्याचा धोका सर्वाधिक तिथे जाणे तिला भाग पडते. पालिकेची जुनी सार्वजनिक शौचालये याला उत्तर नव्हती, कारण तिथे पुरुष आणि स्त्रिया एकाच रांगेत उभे राहत, दारांना कड्या नसत, दिवा नसे आणि मुलांसाठी वेगळी सोय नसल्याने आईला दोनदा रांग लावावी लागे. पुण्यात १९९९ ते २००१ या काळात तत्कालीन महापालिका आयुक्त रत्नाकर गायकवाड यांनी शौचालये बांधण्याचे काम वस्तीत काम करणाऱ्या संस्थांकडे सोपवले आणि शहरात चारशेहून अधिक शौचालय-संकुले उभी राहिली. त्यांपैकी अनेकांचे कंत्राट महिला मिलन आणि तिच्या सहकारी संस्थांकडे होते. बायकांनी विटा, सिमेंट यांचे भाव काढले, गवंड्यांवर देखरेख केली आणि नकाशात बदल सुचवले. स्त्री-पुरुषांसाठी वेगळी प्रवेशद्वारे, वेगळ्या रांगा, मुलांसाठी लहान भांडी, पाण्याची टाकी आणि राखणदाराच्या कुटुंबाला राहण्याची खोली ही या रचनेची वैशिष्ट्ये होती, आणि देखभालीसाठी कुटुंबामागे महिना सुमारे २० रुपये घेतले जात. राखणदाराची खोली हा तपशील फार महत्त्वाचा आहे : तिथे एक कुटुंब रात्रंदिवस राहते, म्हणून तिथे रात्री जाणे शक्य होते. दिव्यापेक्षा माणसाचा भरवसा मोठा, हे ती आखणी करणाऱ्या स्त्रियांना अनुभवाने ठाऊक होते.

मध्यमवर्गीय शहराला हा प्रश्न उशिरा उमगला. मुंबईत २०११ मध्ये 'कोरो' आणि इतर अनेक संस्थांनी 'राइट टू पी' ही मोहीम सुरू केली, तेव्हा पुरुषांना मुतारी फुकट आणि स्त्रियांना मात्र पैसे द्यावे लागतात हा साधा भेद पुढे आला. फेरीवाल्या, भाजीवाल्या, घरकाम करणाऱ्या आणि महाविद्यालयीन मुली यांना जोडणारा दुसरा असा विषय शोधून सापडणार नाही. पुण्यात विद्या बाळ यांनी १९८९ मध्ये सुरू केलेल्या 'मिळून साऱ्याजणी' या मासिकाशी निगडित संस्थेने हाच प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात नेला, आणि डिसेंबर २०१५ मध्ये न्यायालयाने रस्त्यांवर स्त्रियांसाठी स्वच्छ शौचालये असणे हा प्रतिष्ठेने जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग असल्याचे सांगून महापालिकांना त्यासाठी समित्या नेमण्यास बजावले. मराठी मासिकाच्या वाचकवर्गातून उगवलेली मागणी राज्यातील महानगरपालिकांना बांधणारा आदेश ठरावी, ही मराठी नियतकालिकांच्या इतिहासातही अभिमानाने नोंदवण्याजोगी बाब आहे.

जिथे हल्ल्याचा धोका परक्या पुरुषापेक्षा पोलीस आणि पहारेकरी यांच्याकडून अधिक, तिथे सुरक्षिततेचे साधनही वेगळे लागते. पुण्यातील कचरावेचक स्त्रिया पहाटे गोणी घेऊन निघत आणि त्यांना चोर समजून अडवले, मारले, ठाण्यात बसवले जाई. डॉ. बाबा आढाव यांच्या अध्यक्षतेखाली १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली, आणि १९९० च्या दशकाच्या मध्यास पुणे महापालिकेने पंचायतीच्या सभासदांच्या ओळखपत्रांना मान्यता दिली. गळ्यात अडकवलेल्या त्या कार्डाने पहाटेच्या रस्त्यावर या दलित स्त्रियांचे स्थान बदलले, कारण त्या कार्डावर त्या संशयित नव्हत्या, कामगार होत्या. त्यांना कॅमेरा किंवा गस्त पुरवून हे साधले नसते.

याच्या नेमक्या उलट दिशेने जाणारे उदाहरण २००५ चे आहे. त्या वर्षी ऑगस्टमध्ये महाराष्ट्रात डान्स बारवर बंदी आली आणि त्यात नाचणाऱ्या हजारो स्त्रियांचे काम गेले. बंदीच्या बाजूने स्त्रियांचे शोषण थांबवण्याचा युक्तिवाद होता, आणि शोषण काल्पनिक नव्हते. पण अनेक स्त्री संघटना या स्त्रियांच्या बाजूने उभ्या राहिल्या, कारण रात्री काम करून टॅक्सीने घरी परतणाऱ्या स्त्रीला कामावरून काढणे म्हणजे तिला सुरक्षित करणे नव्हे. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ही बंदी घटनाबाह्य ठरवली, पण तोवर त्यांतील पुष्कळ जणी त्याहून असुरक्षित कामांकडे ढकलल्या गेल्या होत्या.

शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईतील स्त्रिया आणि सार्वजनिक जागा यांचा अनेक वर्षे अभ्यास करून २०११ मध्ये 'व्हाय लॉइटर?' हे पुस्तक प्रसिद्ध केले. देशातील सर्वांत सुरक्षित मानल्या गेलेल्या या शहरातही स्त्रिया केवळ कारण असेल तरच बाहेर दिसतात, हातात पिशवी किंवा कानाला फोन धरून आपण कामात आहोत असे दाखवतात, आणि पुरुषाप्रमाणे कट्ट्यावर नुसत्या बसत नाहीत, हे त्यांनी दाखवून दिले. निरुद्देश रेंगाळण्याचा हक्क हीच सुरक्षिततेची खरी कसोटी आहे, अशी त्यांची मांडणी होती. १९३० च्या स्वयंसेविकेला जो मान देशकार्यामुळे मिळाला, तो कारणाशिवायही मिळावा, असे म्हणणारा हा पहिला सविस्तर युक्तिवाद होता, आणि त्यावर झालेली टीका पाहता तो किती आवश्यक होता हेही कळते.

दोनच वर्षांनी, ऑगस्ट २०१३ मध्ये, महालक्ष्मीजवळच्या बंद पडलेल्या शक्ती मिलच्या आवारात आपले काम करण्यासाठी गेलेल्या एका तरुण छायापत्रकार स्त्रीवर संध्याकाळच्या वेळी सामूहिक बलात्कार झाला, आणि त्यानंतर त्याच ठिकाणी आधी अत्याचार झालेली आणखी एक स्त्री तक्रार घेऊन पुढे आली. चर्चा आरोपींच्या शिक्षेभोवती फिरली, ते स्वाभाविक होते. पण ज्या परिसरात कधीकाळी पाळी सुटताच हजारो माणसांनी रस्ता भरून जात असे, तिथे शहराच्या मध्यभागी असे ओसाड आवार कसे उरले, हा प्रश्न पुरेसा विचारला गेला नाही. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या गिरणी संपानंतर गिरण्या एकामागून एक मोडल्या, खानावळी आणि चहाची दुकाने उठली, काही जमिनींवर कुंपण घातलेले मनोरे आले आणि काही जमिनी कज्ज्यांत अडकून तशाच पडून राहिल्या. अमेरिकन लेखिका जेन जेकब्स यांनी १९६१ मध्ये रस्त्याकडे लक्ष ठेवणाऱ्या रहिवाशांच्या आणि दुकानदारांच्या डोळ्यांनाच शहराच्या सुरक्षिततेचा पाया म्हटले होते. गिरणगावात ते डोळे जमिनीच्या भावाने मिटवले गेले. घटनेनंतर तरुण स्त्रियांचे गट रात्री एकत्र चालण्यासाठी मुंबईच्या रस्त्यांवर उतरले, आणि घरी बसा या सल्ल्याला त्यांनी दिलेले ते सर्वांत थेट उत्तर होते.

रात्रीच्या कामाचा कायदाही याच काळात बदलू लागला. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ६६ व्या कलमानुसार संध्याकाळी ७ ते सकाळी ६ या वेळेत स्त्रियांना कारखान्यात काम करण्यास मनाई होती, आणि गिरण्यांतून स्त्रियांची संख्या घटण्यामागे यंत्रीकरणाबरोबर अशा निर्बंधांचाही हात होता. महाराष्ट्राने २०१५ मध्ये कारखान्यांसाठी आणि २०१७ मध्ये दुकाने व आस्थापनांसाठी कायद्यात बदल करून स्त्रीची संमती आणि मालकाने करावयाची सुरक्षेची व वाहतुकीची व्यवस्था या अटींवर रात्रपाळी खुली केली. मनाईची जागा हक्काने घेतली, हे पाऊल मोठे आहे. पण कंपनीची गाडी दारापर्यंत सोडते ती पगारदार स्त्रीला. रात्री दहाला पोळीभाजी केंद्र बंद करून निघणाऱ्या बाईला, शेवटच्या गाडीने कसारा गाठणाऱ्या रुग्णसेविकेला आणि मंडईबाहेर पथारी आवरणाऱ्या विक्रेतीला रस्ता तसाच तुडवावा लागतो.

त्या विक्रेतीचा विचार नगररचनेत अलीकडे कुठे येऊ लागला आहे. महाराष्ट्राने १९९० मध्ये स्थानिक संस्थांत स्त्रियांसाठी ३० टक्के जागा राखल्या, घटनादुरुस्तीनंतर ते प्रमाण एक तृतीयांश आणि २०११ मध्ये निम्मे झाले, त्यामुळे दिवा, नळ आणि शौचालय यांचे प्रश्न सभागृहात मांडणाऱ्या स्त्रिया वाढल्या. मुंबईचा २०३४ पर्यंतचा विकास आराखडा तयार होत असताना स्त्री संघटनांनी आणि अभ्यासकांनी नकाशे उघडून प्रभागवार सूचना केल्या, आणि नोकरदार स्त्रियांसाठी बहुउद्देशीय निवास, पाळणाघरे आणि कौशल्य व विक्री यांसाठीची आधार केंद्रे यांना आरक्षणांच्या यादीत स्थान मिळाले. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने नगर पथविक्रेता समितीतील विक्रेत्या सदस्यांपैकी एक तृतीयांश स्त्रिया असणे बंधनकारक केले. मात्र पदपथ मोकळे करण्याची मोहीम निघते तेव्हा दादर, ठाणे किंवा हडपसरच्या स्थानकाबाहेर रात्री साडेदहापर्यंत कंदील लावून भाजी विकणारी बाई अडथळा म्हणून मोजली जाते, आणि गाडीतून उतरून एकटी घराकडे निघालेली मुलगी तिच्या भरवशावर तो रस्ता पार करते ही तिची सेवा महापालिकेच्या कोणत्याही रकान्यात अजून नोंदली गेलेली नाही.